प्रॉमिथियसने एलियनची वाट लावली का? नेहमी विचारले जाणारे आणि नेहमी भांडणं लावणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवतो, खाली सगळ्या पिक्चरचे शेवट उघडे पाडलेत. १९७९ चा एलियन अजून पाहिलाच नसेल तर इथेच थांबा, रात्री दिवे घालवून तो बघा आणि मग सावकाश या. बाकीच्यांसाठी, हे तेच प्रश्न आहेत जे मी २०१२ पासून टपरीवर, ट्रेनमध्ये आणि एकदा तर चक्क मित्राच्या हळदीला ऐकलेत, आणि दर वेळी तेच तेच बोलून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी निःपक्षपाती वगैरे अजिबात नाहीये, ते वाचता वाचता कळेलच.

भांडण नक्की कशावरून आहे?

१९७९ साली रिडली स्कॉटने एलियन काढला. सात माणसांचं एक मालवाहू यान, नोस्ट्रोमो, घरी परत येत असतं, वाटेत सिग्नल मिळतो म्हणून एका ओसाड जागी उतरतं, तिथे एक परकं यान पडलेलं असतं आणि त्या यानात खुर्चीत बसल्या बसल्या मेलेला एक प्रचंड प्राणी असतो. तो कोण, कुठला, कशाला आला, पिक्चर एक अक्षर सांगत नाही. मग ३३ वर्षांनी त्याच स्कॉटने प्रॉमिथियस काढला आणि सांगितलं की तो कोण. अर्ध्या लोकांचं म्हणणं, सांगायलाच नको होतं. उरलेले म्हणतात, अरे सांगितलं कुठे, उलट अजून दहा प्रश्न वाढवून ठेवले. तिसरी एक पार्टी आहे जिला फक्त त्या पिक्चरमधल्या शास्त्रज्ञांच्या अकलेवर बोलायचं असतं, त्यांची सोय खाली केलीये.

स्पेस जॉकी, स्पेस जॉकी म्हणतात तो कोण?

तोच, खुर्चीतला. पिक्चरमध्ये हे नाव कोणी एकदाही घेत नाही बरं का, पिक्चर बनवणाऱ्यांनी आपापसात पाडलेलं नाव, तेच चिकटलं.

सीन आठवा. नोस्ट्रोमोवरचे डॅलस, केन आणि लँबर्ट हेल्मेटचे दिवे लावून आत चढतात, एकदम भलामोठा हॉल, मधोमध गोल चौथरा आणि त्यावर वर तोंड केलेलं तोफेसारखं काहीतरी. मी हा पिक्चर पहिल्यांदा पाहिला तो भाड्याने आणलेल्या दोन डिस्कवाल्या व्हीसीडीवर, घरातला टीव्ही एकवीस इंची आणि प्रिंट इतकी काळी की मला ती खरोखरच तोफ वाटली, प्राणी दिसलाच नाही. मग दादाने पॉज केलं आणि काचेवर बोट ठेवून दाखवलं, हे बघ डोकं, ही सोंड, ह्या बरगड्या. ते दिसल्यावर मात्र मी जेवायला उठलो नाही.

डॅलस जवळ जाऊन म्हणतो की हा मरून फार काळ लोटलाय, पार दगड झालाय, आणि खुर्चीतूनच उगवल्यासारखा दिसतोय. मग छातीला पडलेलं भोक दिसतं, हाडं बाहेरच्या बाजूला वाकलेली, म्हणजे आतून काहीतरी फोडून बाहेर आलंय. बस एवढंच. जेमतेम दोन मिनिटं. त्यानंतर पिक्चर संपेपर्यंत कोणी त्याचा विषयच काढत नाही, कारण थोड्याच वेळात केनच्या तोंडाला फेसहगर, म्हणजे अंड्यातून उडी मारणारा तो प्राणी, चिकटतो आणि मग ज्याला त्याला आपल्या जिवाचं पडतं.

पण त्या भोकाने पुढचं सगळं सांगून ठेवलेलं असतं ना. जेवणाच्या टेबलावर केनची छाती फुटते तेव्हा आपल्याला कळतं की अरे हे तर आधी कोणालातरी झालंय, आणि ज्याला झालं तो आपल्या कितीतरी पट मोठा होता आणि त्याचंही काही चाललं नाही.

तो सेट खरंच एवढा मोठा होता का?

हो आणि नाही. इंग्लंडच्या शेपर्टन स्टुडिओत बांधलेलं ते धूड जवळपास २६ फूट उंच होतं, म्हणजे अडीच मजले धरा. डिझाइन एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराचं, आणि त्याने ते सगळं स्वतः एअरब्रशने रंगवलं. पण पैसे वाचवायला हॉलची एकच भिंत उभी केली होती, आणि जॉकीचा चौथरा फिरता ठेवला, म्हणजे अँगल बदलायचा की कॅमेरा तिथेच आणि चौथरा फिरवायचा. लांबच्या शॉटमध्ये तिघं आणखी छोटी दिसावीत म्हणून स्कॉटने आपल्या लहान मुलांना छोटे स्पेससूट चढवून उभं केलं होतं. सीन झाला की तोच चौथरा उचलून बाजूला काढला आणि त्याच सेटवर अंड्यांची खोली सजवली. अंड्यांवर जो निळा प्रकाशाचा थर दिसतो त्याचे लेझर शेजारच्या स्टेजवर आपल्या शोची तयारी करणाऱ्या द हू या रॉक बँडकडून उसने आणले होते.

हे सगळं सांगायचं कारण, स्टुडिओला हा सीनच नको होता, दोन मिनिटांसाठी एवढा खर्च कशाला म्हणून. हट्टाने टिकवला. आणि आज त्यावरच आपण भांडतोय.

१९७९ ला त्यांच्याकडे उत्तर होतं की नुसतीच हवा केली होती?

हा माझा लाडका प्रश्न आहे, कारण दोन्ही बाजूंना वाटतं की उत्तर आपल्या बाजूचं आहे.

डॅन ओ'बॅननच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये मेलेला पायलट वेगळा आणि अंडी वेगळ्या ठिकाणी, एका पिरॅमिडमध्ये होती. त्या पिरॅमिडच्या आत मूर्ती आणि चित्रलिपी, त्यात त्या प्राण्याचा सगळा जन्मक्रम कोरलेला, म्हणजे ती कुठलीतरी जुनी संस्कृती आणि हा त्यांचा देव किंवा विधी असं काहीतरी. रॉन कॉब, ख्रिस फॉस, गीगर, तिघांनीही त्याची चित्रं काढली होती. मग बजेट आणि लांबी दोन्ही आवाक्याबाहेर जायला लागलं, पिरॅमिड उडवला आणि अंडी जॉकीच्याच यानात टाकली. म्हणजे आपण ज्याला थोर रहस्य म्हणतो त्यातला बराचसा भाग कात्रीने झालाय, कोणी ध्यानस्थ बसून ठरवलेला नाही.

स्कॉटच्या डोक्यात नंतर एक कल्पना होती, त्याने बोलूनही दाखवलीये, की जॉकी पायलट असावा आणि ते यान म्हणजे शस्त्रांची गाडी असावी, ग्रहावर अंडी टाकायची आणि तिथले जीव संपवायचे. पण स्क्रीनवर नाही आली. आणि माझ्या मते एवढं पुरे. बनवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते त्याच्यापाशी, मला जे दाखवलं ते माझं.

मग स्कॉटला एवढ्या वर्षांनी हे उकरायचं काय कारण?

त्याचं म्हणणं साधं होतं, मधल्या इतक्या सिक्वेलमध्ये कोणीच विचारलं नाही की खुर्चीतला तो माणूस कोण, तर मीच विचारतो. आता खरं सांगा, १९८६, १९९२, १९९७, तीन सिक्वेल आले, एकानेही जॉकीला हात लावला नाही, आणि कोणाला चुकल्यासारखं वाटलं? मला तरी नाही.

जॉन स्पेट्सने आधी सरळसोट एलियनच्या आधीची गोष्ट लिहिली होती. मग डेमन लिंडेलॉफला आणलं, त्याने एलियनपासून थोडी फारकत घेतली आणि माणसाला कोणी बनवलं या प्रश्नाकडे गाडी वळवली. त्यामुळे प्रॉमिथियस ना धड प्रीक्वेल ना धड वेगळा पिक्चर, धोबी का कुत्ता म्हणतात तसं झालं. जगभरात ४० कोटी डॉलर कमावले तरी, त्यामुळे स्टुडिओला पुढचा काढायला कारण मिळालं.

प्रॉमिथियसने नक्की काय काय सांगून टाकलं?

की जॉकी म्हणजे इंजिनियर नावाची एक जात, पांढरीफटक, टक्कल, पिळदार अंग, आपल्यासारखीच दोन हात दोन पाय, उंची आठ-नऊ फूट. त्यांनीच आपल्याला बनवलं, सुरुवातीला धबधब्यापाशी एक इंजिनियर काळं द्रव्य पितो आणि विरघळून पाण्यात पडतो तो सीन त्याचाच (आइसलँडचा डेट्टीफॉस धबधबा आहे तो, पिक्चरमधला सगळ्यात भारी सीन, यावर मात्र वाद नको). मग दोनेक हजार वर्षांपूर्वी त्यांनी ते काळं द्रव्य घेऊन पृथ्वी साफ करायचं ठरवलं होतं, का ते सांगितलं नाही. आणि सोंड म्हणजे हेल्मेट. बरगड्या म्हणजे सूट.

हो, हे शेवटचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

एवढं काय बिघडलं हेल्मेट निघालं तर?

माझ्या दृष्टीने सगळं तिथेच बिघडलं. लोक म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडायला नको होती. मी म्हणतो उघडा की, पण आतून किमान सव्वा लाखाचं काहीतरी निघू दे. इथे निघाला कोण, तर जिममध्ये जाणारा उंच माणूस.

१९७९ चा जॉकी बघताना आपल्याला त्याचं शरीर कुठे संपतं आणि खुर्ची कुठे सुरू होते ते कळत नाही, गीगरची सगळी कला त्यातच होती, हाड आणि यंत्र एकमेकांत मुरलेलं. डॅलससुद्धा तेच म्हणतो की खुर्चीतून उगवलाय. म्हणजे हा कुठला प्राणी, हा जन्मालाच असा येतो का, ह्याला त्या यानासाठीच वाढवलाय का, अशा विचारांनी डोकं भणभणतं. आणि प्रॉमिथियस म्हणतो, छे हो, सूट घातलाय त्याने, काढला की आत माणूस. २६ फुटांचा आठ फूट झाला हे तर आहेच, फॅन लोकांनी त्यावर मोजमापं काढून काढून जीव दिला, पण मला फुटांचं एवढं दुःख नाही. जे आपल्यासारखं अजिबात नव्हतं ते आपल्यासारखं करून ठेवलं याचं आहे.

दुसरं म्हणजे वय. जुन्या पिक्चरमध्ये तो दगड झालेला होता. किती जुना ते कोणी सांगत नाही, पण दगड म्हटल्यावर आपण आपोआप हजारो लाखो वर्षं मागे जातो, आपण पोचायच्या कितीतरी आधी इथे सगळं होऊन गेलंय, आपला काही संबंधच नाही, आपण नुसते चुकून आत शिरलोय. भीती त्याची होती. प्रॉमिथियसमध्ये मात्र सगळं आपल्याभोवतीच फिरतं, आपल्याला बनवणारे, आपल्यावर रागावलेले, आपल्याला मारायला निघालेले. अरे, आहोत कोण आपण एवढे?

पण प्रॉमिथियसमधलं यान ते नाहीच ना, मग रहस्य शाबूत नाही का?

बरोबर आहे, टेक्निकली. प्रॉमिथियस एलव्ही-२२३ नावाच्या चंद्रावर घडतो, नोस्ट्रोमो उतरलं ते एलव्ही-४२६ वर (हा नंबरही कॅमेरॉनच्या १९८६ च्या पिक्चरमध्ये पहिल्यांदा आला). शिवाय शेवटचा इंजिनियर खुर्चीत मरतच नाही, यान पडल्यावर उठून शॉ या वाचलेल्या शास्त्रज्ञ बाईच्या मागे धावत जातो आणि तिथे दुसऱ्याच राक्षसाच्या तावडीत सापडतो. म्हणजे जुन्या पिक्चरमधल्या खुर्चीतला तो कोण, तिथे कसा पोचला, त्याच्या पोटात ते कसं गेलं, याचं उत्तर आजही मिळालेलं नाही.

प्रीक्वेलच्या बाजूच्या लोकांचा हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि मी तो मान्य करतो. पण म्हणजे काय झालं बघा, चोर कोण ते सांगितलं, चोरी तीच का ते नाही सांगितलं, आणि वर म्हणायचं की बघा अजून सस्पेन्स बाकी आहे.

त्यातले शास्त्रज्ञ एवढे मूर्ख का आहेत?

बायोलॉजिस्ट अनोळखी सापाला लाडाने हात लावतो. ज्याने नकाशा काढायची यंत्रं सोडली तोच जिऑलॉजिस्ट रस्ता चुकतो. कंपनीच्या व्हिकर्सबाई चाकासारख्या गडगडत येणाऱ्या यानापुढे सरळ रेषेत पळत राहतात, दोन पावलं बाजूला गेल्या असत्या तर वाचल्या असत्या. मान्य, मान्य, सगळं मान्य. पण ह्याचा रहस्याशी काही संबंध नाही, स्क्रिप्ट ढिसाळ असणं हा वेगळा गुन्हा आहे. पुढचा प्रश्न.

डेव्हिड, म्हणजे त्यातला रोबो, संस्कृत बोलतो का?

नाही, पण कानाला तसं वाटलं असेल तर कान चांगले आहेत तुमचे. तो बोलतो ती प्रोटो-इंडो-युरोपियन, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि पुढे आपली मराठी, हिंदी, इंग्रजी वगैरे सगळ्यांची खापरपणजी म्हणा, भाषातज्ज्ञांनी तुलना करून करून पुन्हा उभी केलेली. प्रवासात बाकीचे झोपलेले असताना डेव्हिड एका होलोग्राममधल्या मास्तरांसमोर बसून ती घोकतो. ते मास्तर म्हणजे अनिल बिल्टू, खरेच भाषातज्ज्ञ, पिक्चरची भाषाही त्यांनीच तयार करून दिली. डेव्हिड म्हणून दाखवतो ती मेंढी आणि घोड्यांची गोष्ट, ऑगस्ट श्लायखर नावाच्या जर्मन पंडिताने १८६८ साली ह्या भाषेचा नमुना म्हणून लिहिलेली. श्लायखरच्या मूळ रूपात मेंढी म्हणजे अविस आणि तिने घोडे पाहिले याला ददर्क अक्वम्स असं काहीतरी आहे. दहावीला मार्कांसाठी का होईना संस्कृत घेतलेल्यांनी अवि, ददर्श, अश्व आठवा, लगेच लागतंय बघा.

आणि आता मुद्दा. पिक्चरच्या शेवटी डेव्हिड त्या जागवलेल्या इंजिनियरला याच भाषेत काहीतरी बोलतो आणि खाली सबटायटल येत नाही. इंजिनियर त्याच्या डोक्यावरून मायेने हात फिरवल्यासारखं करतो आणि पुढच्या क्षणी मुंडकं उपटतो. डेव्हिड काय बोलला ते बिल्टूंनी नंतर सांगितलं, की हा माणूस (म्हणजे मोहिमेचा म्हातारा शेठ) इथे आलाय कारण ह्याला मरायचं नाहीये, ह्याला वाटतं तुम्ही आयुष्य वाढवून द्याल. पण पिक्चर बघताना आपल्याला ते कळत नाही, आणि इंजिनियर का चिडला ते तर नाहीच कळत. त्याने उलट बोलल्याचा सीनही शूट झाला होता, तो कापला. शहाणपणा केला. म्हणजे प्रॉमिथियसलाही झाकून ठेवणं जमत होतं की! तो एक सीन मी आजही परत लावून बघतो.

मग कोव्हेनंटवर लोक जास्त का चिडतात?

कारण प्रॉमिथियसने जॉकीला हात लावला, २०१७ च्या एलियन कोव्हेनंटने थेट झेनोमॉर्फलाच, म्हणजे मूळ पिक्चरमधल्या त्या छाती फोडणाऱ्या प्राण्यालाच, हात लावला.

मधल्या दहा वर्षांत काय झालं, तर डेव्हिड शॉबरोबर इंजिनियरांच्या गावी पोचला, वरून काळं द्रव्य सोडून अख्खं शहर मारलं, शॉलाही संपवलं, तिच्या शरीरावर प्रयोग केले, आणि मग एकटा बसून चित्रं काढत, बासरी वाजवत, जाती-उपजाती जुळवत त्याने ती अंडी बनवली जी आपण ओळखतो. पिक्चर स्वतः बघायला वाईट नाहीये हां. मायकल फासबेंडर दोन रोबो करतो, डेव्हिड आणि वॉल्टर, आणि दोघांमधला तो बासरी शिकवण्याचा सीन अवघडल्यासारखा होतो पण नजर हटत नाही. डेव्हिड एक कविता म्हणतो आणि बायरनची म्हणून सांगतो, वॉल्टर शांतपणे सुधारतो की ती शेलीची आहे, आणि तिथेच कळतं की देव व्हायला निघालेल्या ह्या माणसाचा, म्हणजे रोबोचा, स्क्रू ढिला झालाय. ही कॅरॅक्टरची गोष्ट म्हणून एक नंबर आहे.

पण किंमत बघा काय मोजली. १९७९ मध्ये तो प्राणी कोणाचाच नव्हता. नोस्ट्रोमोवरचा रोबो ॲश त्याचं कौतुक करतो ते यासाठीच की तो परिपूर्ण आहे, त्याला ना पश्चात्ताप ना नीतिमत्ता, जगणं एवढंच त्याला येतं. आता कळतं की ह्याला एका कंपनीच्या रोबोने बनवलाय आणि त्या रोबोला एका म्हाताऱ्या शेठने. म्हणजे विश्वातली सगळ्यात परकी गोष्ट फिरून फिरून आपल्याच घरातली निघाली. मराठी सिरियलमध्ये शेवटी व्हिलन सख्खा मामा निघतो ना, तसं.

तिकीटबारीवर तो २४ कोटी डॉलरच्या आसपास थांबला आणि डेव्हिडची पुढची गोष्ट राहून गेली ती राहूनच गेली.

डेव्हिडने तो प्राणी २१०४ च्या आधी बनवला तर २१२२ मध्ये सापडलेला जॉकी दगड कसा झाला?

हा! इथे प्रीक्वेलवाले पण गप्प होतात. नोस्ट्रोमोचं साल २१२२, कोव्हेनंटचं २१०४. अठरा वर्षांत लोणचं नीट मुरतं फक्त, माणूस दगड होत नाही.

फॅन लोकांनी काढलेले मार्ग साधारण तीन. एक, डॅलस काही डॉक्टर नव्हता, ट्रक ड्रायव्हरच तो, त्याने अंदाजे बोललं आणि ते चुकलं, सूटच तसा दिसतो. मला हे पटत नाही, कारण त्या सीनमध्ये बघणाऱ्याला दुसरी काही माहितीच दिलेली नाही, त्याचं बोलणं खोटं धरलं तर सीनच उरत नाही. दोन, डेव्हिडने शोध नाही लावला, जुनीच गोष्ट परत जुळवली आणि श्रेय स्वतःकडे घेतलं, नाहीतरी शेलीची कविता बायरनच्या नावावर खपवणारा तो. ह्याला आधारही आहे, प्रॉमिथियसमध्ये त्या मोठ्या मुंडक्याच्या खोलीत भिंतीवर झेनोमॉर्फसारखी आकृती कोरलेली दिसते, म्हणजे इंजिनियरांना आधीपासून काहीतरी माहीत होतं. तीन, सोडून द्या, स्कॉटलाच पडलेली नाही तर तुम्ही कशाला जीव जाळताय.

मी दोन नंबरवाला. कारण त्यात डेव्हिड खोटारडा ठरतो, आणि त्याच्या स्वभावाला ते शोभतंही.

कॅमेरॉनने राणी आणली तेव्हा कोणी का नाही बोललं?

बोलायला हवं होतं खरं तर. मूळ पिक्चरसाठी एक सीन शूट झाला होता ज्यात नायिका रिपलीला डॅलस भिंतीत लिंपलेला सापडतो आणि यानावरच्याच ब्रेटचं हळूहळू अंडं होत चाललेलं असतं. म्हणजे माणसाचंच अंडं होतं, राणीबिणी काही नाही. तो सीन कापला गेला, २००३ च्या डायरेक्टर्स कटमध्ये परत आला. मधल्या काळात १९८६ ला जेम्स कॅमेरॉनने मुंग्या-मधमाश्यांसारखी राणी दाखवली, अंडी कुठून येतात त्याचं उत्तर देऊन टाकलं. हेही स्पष्टीकरणच की, रहस्याचा एक तुकडा यानेही उचलला.

पण लोकांनी टाळ्या पिटल्या. मी यावर बराच विचार केलाय आणि मला वाटतं कारण हे, की राणीने गोष्ट मोठी केली. एक होता तिथे शेकडो झाले, आणि शेकड्यांच्या मागे आणखी एक बसली होती. तरीही ती परकीच राहिली, तिचा आपल्याशी संबंध एवढाच की रिपलीने तिची अंडी जाळली म्हणून ती खवळली. इंजिनियरने गोष्ट छोटी केली. एवढाच फरक. (आणि हो, राणी बघायला कसली भारी आहे, ते पण आहेच.)

म्हणजे प्रीक्वेल नेहमी वाईटच असतात का?

नाही हो. स्टार वॉर्सचा रोग वन घ्या, २०१६ चा. १९७७ पासून लोक हसत होते की एवढं मोठं डेथ स्टार आणि एका भोकात बॉम्ब टाकला की फुटतं, कसला इंजिनियर होता रे. रोग वनने सांगितलं की ज्याने बांधलं त्याने मुद्दाम ठेवलेलं भोक आहे ते. विनोद होता त्याची शोकांतिका झाली. तिथे रहस्य नव्हतंच, ढिलाई होती, ती शिवून दिली.

उलट १९९९ ला त्याच घराण्यात एका पोराचं रक्त तपासून फोर्स, म्हणजे त्यातली ती गूढ शक्ती, किती ते मोजलं, आकडा वीस हजाराच्या वर, योडा गुरुजींपेक्षा जास्त. साधना होती तिचा पॅथॉलॉजी रिपोर्ट केला. ह्यावर मी जास्त बोलत नाही, बीपी वाढतं.

आणि २०११ चा द थिंग. जॉन कार्पेंटरच्या १९८२ च्या पिक्चरमध्ये नॉर्वेवाल्यांचा जळालेला तळ दिसतो, दारात रुतलेली कुऱ्हाड, खुर्चीत गोठलेला माणूस, पोकळ बर्फाची लादी, दोन तोंडांचं प्रेत. प्रीक्वेलने इमानदारीत एकेका वस्तूचा हिशोब दिला, कुऱ्हाड इथून आली, प्रेत तिथून आलं, शेवटी कुत्र्यामागे हेलिकॉप्टर लागतं तिथे बरोबर आणून सोडलं. होमवर्कला दहापैकी दहा. पण ती कुऱ्हाड आपल्या मनात जास्त जोरात बसली होती.

रोम्युलस आणि एलियन अर्थ बघितल्यावर काही बदलतं का?

फार नाही. २०२४ च्या रोम्युलसने काळं द्रव्य परत आणलं, शेवटी इंजिनियरसारख्या चेहऱ्याचं एक भयंकर पोरही जन्माला घातलं, म्हणजे प्रॉमिथियसला घरात घेतलं म्हणायचं. २०२५ ची सिरियल पहिल्या पिक्चरच्या दोनच वर्षं आधीची, २१२० सालची, तिने इंजिनियरांच्या वाटेला जायचंच टाळलं. दोन्ही बघा, मजा येते.

नवीन माणसाला कुठल्या क्रमाने दाखवायचं?

रिलीजच्या क्रमाने. १९७९, १९८६, मग वाटलं तर बाकीचे. सालवार लावून प्रॉमिथियसपासून सुरुवात करणारे लोक आहेत, त्यांच्याशी माझं पटत नाही पण चहा पितो मी त्यांच्याबरोबर.

आणि आधी प्रीक्वेल बघितलाच असेल तर? मूळ पिक्चर कायमचा गेला का?

मला अगदी हेच वाटायचं. मागच्या दिवाळीत माझी भाची आली होती, सेकंड इयरला आहे, तिने प्रॉमिथियस आणि कोव्हेनंट दोन्ही ओटीटीवर आधीच पाहिलेले आणि एलियन मात्र नाही, कारण काय तर मामा तो जुना आहे ना. मी फराळाचं ताट पुढ्यात ठेवून लावला. पहिला अर्धा तास ती मोबाईल बघत चिवडा खात होती, मी मनात म्हटलं गेलं, हिला सगळं माहितीये, हेल्मेट पण माहितीये, आता जॉकी आला की ही म्हणणार हा तर इंजिनियर आणि विषय संपला.

तिघं आत चढले. हॉल आला, चौथरा आला. तिने मोबाईल उलटा ठेवला. मी मुद्दाम काही बोललो नाही, दादासारखं बोट लावून दाखवायची फार इच्छा झाली तरी नाही दाखवलं. कॅमेरा त्या बरगड्यांवरून फिरला, डॅलस बोलला, लँबर्ट चला इथून म्हणून मागे लागली. भाची हळूच म्हणाली, "मामा, हा तो नाहीये."

मी म्हटलं अगं तोच आहे, ते सोंडेसारखं आहे ना ते हेल्मेट.

"नाही रे. हा खूप मोठाय. आणि खूप म्हाताराय." मग रिमोट माझ्या हातातून घेतला आणि दहा सेकंद मागे केलं.